एक माणूस, एक खातं: इंटरनेटवरच्या ‘मी’ची पार्श्वभूमी

एक नाव, एक फोटो, एक पासवर्ड आणि त्यामागे एकाच माणसाच्या आवडीनिवडींचा साठा. इंटरनेटवर असणं म्हणजे हेच, हे आता इतकं अंगवळणी पडलंय की याहून वेगळं काही असू शकतं हे सुचतही नाही. ही मांडणी मुळात हिशेबाच्या सोयीसाठी आली होती.

१९६१ साली एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एकच महागडा संगणक अनेकांनी वाटून वापरायचा, तर कोणाच्या वाट्याला किती वेळ हे मोजणं आलं आणि प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राखणंही आलं. त्यातून पासवर्ड आला. पुढच्याच वर्षी अ‍ॅलन शेर या संशोधकाने सगळ्यांच्या पासवर्डांची यादी छापून घेतली, कारण त्याला नेमून दिलेला वेळ पुरत नव्हता. त्याच एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत पुढे आयटीएस नावाची प्रणाली चालली, तिला पासवर्डच नव्हते. रिचर्ड स्टॉलमन त्या वातावरणात घडले. १९८३ मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पामागे तिथली सामायिकपणाची सवय होती.

१९७३ मध्ये बर्कलीतल्या एका रेकॉर्डच्या दुकानात ‘कम्युनिटी मेमरी’ या संगणकी सूचनाफलकाचं टर्मिनल (दूरच्या संगणकाला जोडलेलं यंत्र) बसवलं गेलं. रस्त्यावरून येणारा कोणीही तिथे निरोप लिहू शकत असे, वाचू शकत असे. कोणी वादकांचा शोध घेई, कोणी कविता टाके, आणि ‘बेन्वे’ या नावाने कोणीतरी तऱ्हेवाईक मजकूर लिहू लागलं. लिहिणाऱ्याची ओळख कोणाला हवीही नव्हती. निरोपांचा तो साठाच त्या जागेचं व्यक्तिमत्त्व होता.

१९८५ मध्ये स्टुअर्ट ब्रँड आणि लॅरी ब्रिलियंट यांनी ‘द वेल’ हे संगणकावरून गप्पा-चर्चा करायचं ठिकाण सुरू केलं. ते चालवायला आलेल्यांपैकी काहीजण टेनेसीमधल्या ‘द फार्म’ या सामुदायिक वसाहतीत वर्षानुवर्षं राहिलेले होते. एकत्र राहायचं तर भांडणं कशी निस्तरायची हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. तरीही तिथला मुख्य नियम व्यक्तीवरच बेतलेला होता: आपण लिहिलेल्या शब्दांचे धनी आपणच, आणि त्यांची जबाबदारीही आपलीच. समूहाची ओढ आणि एकट्याची मालकी यांच्यातली ओढाताण त्या एका नियमात दिसते. माझ्या मते पुढचा सगळा इतिहास या ओढाताणीचाच आहे.

ती सर्वांत उघडपणे दिसली लॅम्डामूमध्ये. झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रातल्या पॅव्हेल कर्टिस यांनी १९९० मध्ये उभं केलेलं हे केवळ शब्दांनी बांधलेलं ऑनलाइन घर; तिथे प्रत्येकजण एखादं पात्र होऊन लिहून वावरे. तिथे १९९३ च्या सुमारास एका पात्राने एक छोटा प्रोग्राम वापरून इतरांच्या पात्रांवर भर दिवाणखान्यात लैंगिक अत्याचार केल्याचं लिहून दाखवलं. दुखावलेले लोक एकत्र जमले, तासन्‌तास वाद झाला, निर्णय झालाच नाही. अखेर प्रणालीचा ताबा असलेल्या एकाने स्वतःच्या अधिकारात ते पात्र पुसून टाकलं. त्यानंतर कर्टिस यांनी अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट नंतर उघड झाली: ते पात्र एकट्याचं नव्हतं. एका वसतिगृहाचा अख्खा मजला ते खातं वापरत असे, आणि त्या रात्री कळफलकावर बसलेल्याला बाकीचे भोवती उभे राहून चेव देत होते. शिक्षा एका नावाला झाली. कृत्य मात्र घोळक्याचं होतं. समूहात विरघळणं ही आपोआप चांगली गोष्ट नाही, हे इतक्या लवकर समोर आलं होतं.

जपानमध्ये १९९९ ला सुरू झालेल्या ‘टू-चॅनल’ या चर्चास्थळाने वेगळी वाट धरली. नाव न लिहिणाऱ्या प्रत्येकाला तिथे एकच ठरलेलं बिननावी संबोधन मिळे. २००३ मध्ये आलेल्या ‘फोर-चॅन’ने तीच रीत इंग्रजीत आणली आणि ‘अनॉनिमस’ हे नाव एखाद्या टोळीसारखं वावरू लागलं. फेब्रुवारी २००८ मध्ये अनेक शहरांत मुखवटे घालून सायंटॉलॉजी चर्च या पंथाविरुद्ध निदर्शनं झाली ती याच नावाने. याच नावाखाली लोकांचा क्रूर छळही झाला.

दरम्यान धंद्याला व्यक्तीच हवी होती. जाहिरात कोणाला दाखवली हे सांगता आलं, तरच तिला किंमत येते. फेसबुकने खऱ्या नावाचा आग्रह धरला, २००६ मध्ये प्रत्येकापुढे त्याची स्वतंत्र न्यूज फीड आली. २०११ मध्ये गूगल प्लस या गूगलच्या समाजमाध्यमाने टोपणनावांची खाती बंद केली, तेव्हा त्या नावांनीच ओळखले जाणारे लोक चिडले. खऱ्या नावाची ती अट गूगलने २०१४ मध्ये मागे घेतली, पण तोवर घडी बसली होती.

तरी सामायिक कर्तेपण संपलं नाही. २०१९ मध्ये फॅन फिक्शनच्या (आवडत्या कथांतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टींच्या) ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या ऑनलाइन संग्रहाला विज्ञानकथांच्या क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला, तेव्हा लेखिका नाओमी नोविक यांनी व्यासपीठावरून या संग्रहाशी जोडलेल्या सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. नंतर कित्येकांनी स्वतःला पुरस्कारविजेते म्हणवून घेतलं. पुरस्कार देणाऱ्या संस्थेला स्पष्ट करावं लागलं की सन्मान संग्रहाचा आहे, त्यातल्या एकेका लेखकाचा नाही. दोघांचंही म्हणणं मला पटतं, आणि म्हणूनच तो वाद मिटण्याजोगा वाटत नाही.

२०१६ मध्ये आलेल्या मॅस्टोडॉन या, अनेक स्वतंत्र सर्व्हर मिळून चालणाऱ्या समाजमाध्यमावर आपल्या नावापुढे आपल्या सर्व्हरचं नावही लागतं. २०१९ मध्ये ‘गॅब’ या कट्टर उजव्यांच्या समाजमाध्यमाने हेच सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हा अनेक सर्व्हरांनी त्याच्याशी संबंधच तोडले. आपल्या सर्व्हरवर अशी वेळ आली, तर शेजाऱ्यांच्या वागण्याचा फटका आपल्यालाही बसतो. मग दुसरीकडे जाता येतं. अनुयायी सोबत नेता येतात. लिहिलेलं मात्र जुन्याच सर्व्हरवर राहतं.