तापाची गोळी डोकेदुखीची कशी झाली

मेडिकलच्या काउंटरवर ‘डोकेदुखीची एक गोळी द्या’ एवढे म्हटले की दुकानदार पट्टीतला एक कप्पा कात्रीने कापून हातावर ठेवतो. औषधाचे नाव सांगावे लागत नाही आणि चिठ्ठीही कोणी मागत नाही. या साध्या व्यवहाराला सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात डोकेदुखीपासून नव्हे, तर तापापासून होते.

१८८६ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे काह्न आणि हेप या दोन तरुण डॉक्टरांनी जंतांवर उपाय म्हणून एका रुग्णाला नॅप्थलीन द्यायचे ठरवले, परंतु औषधांच्या दुकानातून चुकून अ‍ॅसिटॅनिलाइड आले. जंतांवर काही परिणाम झाला नाही; ताप मात्र झपाट्याने उतरला. हे औषध ‘अँटिफेब्रिन’ या नावाने विकले जाऊ लागले आणि त्याने वेदनाही शमते हे लवकरच दिसून आले. पण त्याने रुग्णांचे ओठ व नखे निळसर पडत. त्यावर तोड म्हणून पुढल्याच वर्षी बायर कंपनीचे फेनासेटिन आले, तर १८९९ मध्ये त्याच कंपनीचे अ‍ॅस्पिरिन. १८९३ मध्ये फॉन मेरिंग या जर्मन डॉक्टरांनी पॅरासिटॅमॉलही रुग्णांवर वापरून पाहिले होते, मात्र ते फेनासेटिनपेक्षा कमी सुरक्षित समजून बाजूला सारले गेले. अ‍ॅसिटॅनिलाइडचे शरीरात पॅरासिटॅमॉल होते आणि खरा गुण त्याचाच असतो, हे ब्रॉडी आणि अ‍ॅक्सेलरॉड या अमेरिकी संशोधकांनी १९४८ मध्ये दाखवून दिले. म्हणजे हाताशी आलेले औषध अर्धशतक अडगळीत पडून राहिले.

दरम्यान अ‍ॅस्पिरिन, फेनासेटिन आणि कॅफीन यांचे ‘एपीसी’ हे मिश्रण जगभर रूढ झाले होते. स्वीडनमधील हुस्क्वार्ना या कारखान्यांच्या गावात १९१८ च्या इन्फ्लुएंझात फेनासेटिन आणि कॅफीन असलेली एक पूड घरोघरी पोचली. साथ ओसरली, तरी कामगार थकव्यासाठी आणि डोके दुखू नये म्हणून ती घेतच राहिले, आणि पुढे त्यांच्यापैकी अनेकांची मूत्रपिंडे निकामी झाली. कॅफीनची सवय झालेल्याला ते न मिळाल्यास डोके दुखते, त्यामुळे पुडीची गरज पुडीच निर्माण करत असे. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत बोलका भाग हाच आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये फेनासेटिन बाजारातून गेले आणि भारतातही त्यावर बंदी आली.

मिश्रणाची पद्धत मात्र टिकून राहिली. आपल्याकडील सॅरिडॉन या गोळीत पॅरासिटॅमॉल, प्रोपिफेनाझोन हे दुसरे वेदनाशामक आणि कॅफीन असते. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली तेव्हा तीही यादीत होती, पण त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या विक्रीस तात्पुरती मुभा दिली आणि पुढच्या वर्षी ती बंदीतून वगळली गेली. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात चिठ्ठीविना विकायच्या औषधांचा स्वतंत्र वर्गच नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

औषधाच्या अतिवापरातून उद्भवणारी डोकेदुखी हे आज स्वतंत्र निदान आहे. मुळातच डोकेदुखीचा त्रास असलेली व्यक्ती तीन महिन्यांहून अधिक काळ साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस घेत असेल आणि तिचे डोकेही तितकेच दिवस दुखत असेल, तर हे निदान लागू होते. मिश्र गोळीसाठी ही मर्यादा दहा दिवसांवरच येते.