स्त्री-डीकन कुठून आल्या आणि कुठे गेल्या

मे २०२४ मध्ये झिम्बाब्वेच्या हरारे शहरात ऑर्थोडॉक्स चर्चच्या अलेक्झांड्रिया पीठाने एका तरुणीला डीकनपदाची दीक्षा दिली आणि जगभरच्या ख्रिस्ती वर्तुळांत पुन्हा एकदा चर्चेला तोंड फुटलं. कॅथलिक चर्चमध्ये हाच प्रश्न आधीपासून धुमसत होता. पोप फ्रान्सिस यांनी त्यासाठी २०१६ मध्ये एक आणि २०२० मध्ये दुसरा अभ्यासगट नेमला होता. बिशप, धर्मगुरू आणि डीकन या तीन पायऱ्यांपैकी डीकन, म्हणजे मूळ अर्थाने सेवक, ही सर्वांत खालची. निदान तिथवर तरी स्त्रियांना येऊ द्यावं, असं एका बाजूचं म्हणणं. हे आजच्या काळाचं खूळ आहे, परंपरेत याला जागा नाही, असं दुसऱ्या बाजूचं. परंपरेचा विषय निघालाच आहे तर पहिल्या पाच-सहा शतकांत काय होतं ते बघायला हवं.

प्रेषित पौलाने करिंथ शहरातून रोमच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, पत्र लिहिलं ते साधारण इ.स. ५७ च्या सुमारास. त्याचा सोळावा अध्याय म्हणजे सलामांची लांबलचक यादी. उपासनेत तो वाचायची वेळ आली की वाचणारा नावांना अडखळतो आणि ऐकणारे पेंगतात. पण इतिहासाच्या दृष्टीने त्या पत्रातला हाच भाग सगळ्यांत बोलका आहे. सुरुवातीलाच फीबीची शिफारस येते. करिंथचं पूर्वेकडचं बंदर किंख्रिया, तिथल्या मंडळीची ती डीकन. पौल तिला अनेकांची, आणि स्वतःचीही, आश्रयदाती म्हणतो. रोममध्ये तिला जी मदत लागेल ती करा, असं बजावतो. हे पत्र तीच घेऊन गेली असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

पुढच्या यादीत फीबीला धरून दहा स्त्रिया सापडतात, त्यातल्या आठ नावानिशी. मरिया, त्रुफैना, त्रुफासा आणि पर्सिस यांनी प्रभूच्या कामात ‘श्रम’ केले असं पौल लिहितो, आणि स्वतःच्या प्रचारकार्यासाठीही तो हाच शब्द वापरतो. अंद्रोनिक आणि युनिया ही दोघं त्याच्याबरोबर तुरुंगात होती, त्याच्या आधीपासून ख्रिस्ती होती आणि प्रेषितांमध्ये नावाजलेली होती. चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान क्रिसोस्तोम याने या ओळीवर प्रवचन करताना या बाईची थोरवी केवढी असेल, की ती प्रेषित म्हणवून घ्यायला पात्र ठरली, असे उद्गार काढले. हा क्रिसोस्तोम बायकांच्या बाबतीत काही उदारमतवादी नव्हता. मध्ययुगात युरोपातल्या पंडितांना मात्र स्त्री-प्रेषित पचेना, तेव्हा त्यांनी युनियाचा पुरुष करून टाकला. विसाव्या शतकात तर बायबलच्या छापील ग्रीक प्रतीतही तसाच बदल झाला आणि तो दुरुस्त व्हायला १९९८ उजाडलं.

एवढ्या स्त्रिया पुढे कशा आल्या, याचं उत्तर मला तरी जागेत सापडतं. पहिली दोन-अडीचशे वर्षं ख्रिस्ती लोकांना स्वतःची मंदिरं नव्हती. ते घरांमध्ये जमत आणि भाकर मोडण्याचा विधी जेवणाच्या निमित्तानेच होई. रोमन जगात दिवाणखाना, ओसरी, पंगत, नोकरचाकर यांवर घरच्या बाईची हुकमत चाले. फिलिप्पै शहरात जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया पौलाला आग्रहाने घरी घेऊन गेली, आणि तिचं घर हेच तिथल्या मंडळीचं ठिकाण झालं. यरुशलेमेत योहान मार्कच्या आईच्या घरी लोक प्रार्थनेला जमत. कलस्सैकरांच्या पत्रात नुंफाच्या घरच्या मंडळीला सलाम आहे. तंबू शिवणारं जोडपं प्रिस्का आणि अक्विला यांना क्लौद्य बादशहाच्या हुकमाने रोम सोडावं लागलं, पण करिंथ, इफिस, पुन्हा रोम, जिथे ती गेली तिथे त्यांचं घर हीच मंडळी झाली. बायबलच्या नव्या करारात या दोघांचा एकत्र उल्लेख सहा वेळा येतो, त्यात चार वेळा बायकोचं नाव आधी आहे. इफिसात अपुल्लो नावाच्या विद्वान वक्त्याला घरी बोलावून या दोघांनी त्याचं ज्ञान पक्कं करून दिलं, आणि तिथेही नाव आधी तिचंच येतं.

बायकांनी मंडळीत गप्प राहावं, हे वचनही त्याच नव्या करारात आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. गंमत अशी की करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात अकराव्या अध्यायात स्त्रियांनी प्रार्थना करताना आणि संदेश देताना डोकं झाकावं असं सांगितलंय, म्हणजे त्या जाहीर बोलत होत्या हे गृहीत आहे, आणि तीनच अध्यायांनंतर त्यांना मौन फर्मावलंय. काही जुन्या हस्तलिखितांत मौनाच्या या दोन ओळी वेगळ्या ठिकाणी, अध्यायाच्या शेवटी येतात. त्यामुळे त्या मागाहून घुसल्या असाव्यात अशी शंका अनेकांनी घेतलीय. स्त्रीने शिकवू नये असं रोखठोक सांगणारं तीमथ्याला लिहिलेलं पत्र खुद्द पौलाचं नसून पुढच्या पिढीतल्या शिष्याचं असावं, असं बहुसंख्य अभ्यासक म्हणतात. पारंपरिक चर्चेसना हे मान्य नाही. पत्र कोणाचंही असो, शिकवणाऱ्या स्त्रिया समोर असल्याशिवाय असा मनाईहुकूम काढायची पाळी येत नाही. पुढच्या शतकांतले चर्चचे ठराव वाचतानाही हे ध्यानात ठेवलेलं बरं.

चर्चच्या बाहेरचा पहिला साक्षीदार रोमन अधिकारी आहे. काळ्या समुद्राच्या काठी बिथुनिया-पंत प्रांताचा सुभेदार प्लिनी याने साधारण इ.स. ११२ मध्ये त्रायान बादशहाला पत्र लिहून ख्रिस्ती लोकांचं काय करावं म्हणून सल्ला मागितला. खरं काय ते काढून घ्यायला आपण दोन गुलाम स्त्रियांचा छळ केला, असं तो निर्विकारपणे नोंदवतो. त्या मंडळीत या दोघींना ‘सेविका’ म्हणत. हाती काय लागलं, तर निव्वळ भलती अंधश्रद्धा, असा त्याचा शेरा. चौकशीसाठी नेमक्या याच दोघी निवडल्या जाव्यात यावरून त्या मंडळीत त्यांना काही स्थान असावं. कायद्याने मात्र त्या कोणाच्या तरी मालकीच्या वस्तू होत्या. त्यांची नावं प्लिनीने लिहिली नाहीत.

छळाच्या काळात हुतात्म्यांना जो मान मिळे त्यापुढे पदबिद फिकं पडे. इ.स. २०३ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये पर्पेतुआ नावाची, अंगावर पिणारं मूल असलेली बावीस वर्षांची बाई फेलिसितास या गुलाम स्त्रीसह आणि इतरांबरोबर मारली गेली. तुरुंगात तिने स्वतःच्या हाताने लिहिलेली टिपणं आज उपलब्ध आहेत. त्याच संग्रहात तिच्या सोबत्याने, सातुरसने, पाहिलेलं एक स्वप्न आहे. स्वर्गाच्या दारात बिशप ओप्तातस आणि धर्मगुरू आस्पासियस एकमेकांशी भांडून वेगळे उभे आहेत. ते दोघे सातुरस आणि पर्पेतुआच्या पायांशी लोळण घेतात आणि आमचा समेट करा म्हणून विनवतात. पर्पेतुआ त्यांच्याशी ग्रीकमध्ये बोलू लागते. कार्थेजच्या लोकांना हे स्वप्न लिहून ठेवावंसं आणि वाचावंसं वाटलं. त्याच शहरात त्याच सुमारास तेर्तुल्यान हा लेखक स्त्रीने शिकवू नये, बाप्तिस्मा देऊ नये म्हणून हिरिरीने लिहीत होता.

तिसऱ्या शतकात सीरियात तयार झालेल्या ‘दिदास्कालिया’ या आचारग्रंथात स्त्री-डीकनांचं काम तपशिलात सांगितलंय. तेव्हा बाप्तिस्मा बहुतेक मोठ्या वयाच्या माणसांचा होई आणि त्यात सर्वांगाला तेल लावलं जाई. पुरुषांनी स्त्रीच्या अंगाला हात लावणं बरं दिसेना, म्हणून बिशपाने फक्त डोक्याला तेल लावावं आणि बाकीचं अंग स्त्री-डीकनने माखावं, असा नियम केला. पाण्यातून वर आलेल्या स्त्रीला हाताला धरून घेणं, तिला पुढे शिकवणं, ज्या घरात नवरा मूर्तिपूजक आणि बायको ख्रिस्ती अशा घरी जाऊन आजारी बायकांना बघणं ही कामंही तिचीच. तिथे पुरुष डीकन पाठवला तर गावात तोंडं वाजतील, हे ग्रंथकार ओळखून आहे. बिशपाला देवपित्याच्या जागी, डीकनला ख्रिस्ताच्या आणि स्त्री-डीकनला पवित्र आत्म्याच्या जागी माना, असंही तो सांगतो.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला चटकन कळेल. पाळीच्या दिवसांत प्रार्थनेपासून आणि पवित्र भोजनापासून लांब बसणाऱ्या बायकांना हाच ग्रंथ खडसावतो, त्या सात दिवसांत तुमच्यातला पवित्र आत्मा निघून जातो की काय, म्हणून विचारतो. त्याच शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप दिओनिसियस मात्र अशा बाईने वेदीजवळ येऊ नये असं लिहून गेला. पुढे चाललं त्याचंच. बाराव्या शतकातला बायझंटाईन कायदेपंडित बाल्सामोन सांगतो, की स्त्री-डीकन पूर्वी होत्या, त्यांना वेदीजवळ जागाही होती, पण मासिक विटाळामुळे ती सेवा बंद पडली.

मधल्या काळात रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडे हे पद चांगलं जोमात होतं. इ.स. ३८० च्या सुमाराच्या ‘प्रेषितीय संविधाना’त स्त्री-डीकनच्या दीक्षेची प्रार्थना दिलीय. तीत मिर्याम, दबोरा, हुल्दा आणि हन्ना या बायबलमधल्या संदेष्ट्रींची आठवण काढून बिशप तिच्यावर हात ठेवतो. ही दीक्षा पुरुष डीकनच्या तोडीची की नुसता आशीर्वाद, यावरच आजचे अभ्यासगट अडतात. ३२५ मधल्या नायसियाच्या परिषदेने एका पाखंडी पंथातून आलेल्या स्त्री-डीकनांना, त्यांच्यावर हात ठेवलेले नाहीत म्हणून, सामान्य भाविकांत धरलं. ४५१ मध्ये खाल्सेदोनच्या परिषदेने मात्र चाळिशीच्या आतल्या बाईवर दीक्षेचे हात ठेवू नयेत असं ठरवलं. दोन्ही बाजू आपापला ठराव पुढे करतात.

कॉन्स्टँटिनोपलच्या ओलिंपियासला तर तरुणपणीच दीक्षा मिळाली. अफाट श्रीमंत घरची ही लेक लवकर विधवा झाली. थिओदोसियस बादशहाने आपल्या नात्यातल्या माणसाशी तिचं लग्न लावायचा घाट घातला. ती बधेना म्हणून तिची मालमत्ता जप्तीत टाकली. काही वर्षांनी ती परत मिळाली, आणि तिने ती चर्चला आणि गोरगरिबांना वाटली. थोरल्या चर्चला लागूनच तिने स्त्रियांचा मठ बांधला. वर ज्याचा उल्लेख आला तो क्रिसोस्तोम तिथला बिशप होता. ४०४ मध्ये त्याला हद्दपार केल्यावर त्याने तिला लिहिलेली सतरा पत्रं आज वाचायला मिळतात. त्याच्या जागी नेमलेल्या बिशपाला तिने मानायला नकार दिला आणि दंड भरून शहर सोडलं. ५३५ मध्ये जस्टिनियन बादशहाने हागिया सोफिया या तिथल्या थोरल्या चर्चच्या सेवकवर्गाला कमाल मर्यादा घातली, ती अशी: ६० धर्मगुरू, १०० पुरुष डीकन, ४० स्त्री-डीकन. खर्च हाताबाहेर चालला होता, म्हणून ही छाटणी. यरुशलेमेत ऑलिव्हच्या डोंगरावर १९०३ मध्ये सापडलेल्या एका थडग्यावरच्या शिळेत सोफिया नावाच्या डीकनला ‘दुसरी फीबी’ म्हटलंय.

पश्चिमेकडे वारं उलटं होतं. ४४१ मध्ये ऑरेंजच्या परिषदेने स्त्री-डीकनांना दीक्षा देऊच नये असं ठरवलं. ५१७ आणि ५३३ मधल्या गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, परिषदांना तेच पुन्हा सांगावं लागलं. ४९४ मध्ये पोप गेलासियस याने दक्षिण इटलीतल्या बिशपांना खरमरीत पत्र धाडलं, कारण तिकडे बायका वेदीवर सेवा करत असल्याचं त्याच्या कानी आलं होतं. दक्षिण इटलीतल्याच त्रोपेया गावात सापडलेल्या थडग्यावर लेता या बाईला ‘प्रेस्बितेरा’ म्हटलंय, म्हणजे धर्मगुरूच्या पदनामाचं स्त्रीलिंगी रूप. कोणी म्हणतं, धर्मगुरूची बायको असेल. पण शिळा बसवणाऱ्या तिच्या नवऱ्याने स्वतःच्या मागे तसं काही पद लावलेलं नाही.

पूर्वेत कोणी एका फटक्यात बंदी घातली नाही. लहान मुलांचाच बाप्तिस्मा होऊ लागला, मोठ्या बायकांना तेल लावायचं कामच उरलं नाही. उपासना घरातून बॅसिलिकेत गेली. ती सरकारी सभागृहाच्या धाटणीची इमारत, आणि तिथले मानपान पुरुषांच्या दरबाराचे. डीकन बाई मठाच्या आत गेली आणि पद नावापुरतं राहिलं.

एकोणिसाव्या शतकात प्रोटेस्टंटांनी ते पुन्हा उकरून काढलं. १८३६ मध्ये जर्मनीत कैझर्सवर्थला डीकनेसची, म्हणजे स्त्री-डीकनांची, संस्था निघाली, १८६२ पासून इंग्लंडच्या चर्चमध्येही त्या आल्या. त्यानंतर वीसेक वर्षांनी पंडिता रमाबाई इंग्लंडात होत्या. १८८३ मध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं अशी गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवलं तर मायदेशी तिचं वजन राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंनी १८८५ मधल्या पत्रात सरळ विचारलं, की माझ्या आईने आणि मी तरुणांना शिकवलं तेव्हा माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी आक्षेप घेतला नाही, मग तुम्हाला कसली अडचण? पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं तिथल्या बायकांनी केली. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये गेल्या आणि ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं.