ब्लॉकमधून आधी सुटणारा पुढेच राहतो का?

१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा धावपटू जेसी ओवेन्स शर्यतीआधी गुडघ्यावर बसून खुरपीने ट्रॅकवर खड्डे खणत होता. पाय रोवायला दुसरी सोय नव्हती. ट्रॅक कोळशाच्या राखेचा, त्यामुळे ज्याचे खड्डे ढासळले त्याची शर्यत तिथेच बिघडायची.

खाली वाकून सुटण्याची पद्धत तेव्हा जुनीच झाली होती. १८८८ मध्ये येल विद्यापीठाचा चार्ल्स शेरिल प्रशिक्षक माइक मर्फी यांच्या सांगण्यावरून तशी पळाला, असे साधारणपणे मानले जाते. १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये थॉमस बर्क याच पद्धतीने १२.० सेकंदांत १०० मीटर जिंकला. त्या शर्यतीच्या छायाचित्रात इतर धावपटूंच्या उभे राहण्याच्या तऱ्हा पाहिल्या की गंमत वाटते.

खुरपीची सुट्टी केली ती अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या ब्लॉकने, म्हणजे सुटताना पाय टेकवून ढकलायच्या आधाराने. प्रशिक्षक जॉर्ज ब्रेस्नहन आणि शरीरक्रियातज्ज्ञ टटल ही तिथली जोडी. १९२९ मध्ये जॉर्ज सिम्पसन ब्लॉक वापरून १०० यार्ड ९.४ सेकंदांत पळाला, पण याच कारणामुळे तो विक्रम नामंजूर झाला. आंतरराष्ट्रीय अॅथलेटिक्स संघटनेने १९३७ मध्ये ब्लॉकला मान्यता दिली. ऑलिम्पिकमध्ये ते आले १९४८ ला, लंडनमध्ये.

ब्लॉक आले, पण ते एकमेकांपासून किती अंतरावर लावायचे? त्या काळी बंच स्टार्टची चलती होती. दोन्ही पाय जवळजवळ, सुटका झटपट. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या फ्रँकलिन हेन्री यांनी १९५२ मध्ये ११, १६, २१ आणि २६ इंच अशी अंतरे ठेवून मोजमाप केले. ११ इंचांवाला ब्लॉक सर्वांत आधी सोडत होता, पण कमी वेग घेऊन. एकूण वेळ चांगली आली ती १६ ते २१ इंचांच्या मधल्या पद्धतीत. मागचा पाय जोरदार पण क्षणभरच ढकलतो. पुढचा पाय जास्त वेळ ढकलत राहतो. घाईने सुटणारा ही ढकलच अर्धवट सोडतो. माझ्या मते स्टार्टच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हाच, आणि मैदानांवर तो सर्वांत कमी पोचलेलाही हाच. आपल्याकडे शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी बंच, मीडियम (मधली), इलाँगेटेड (लांब अंतराची) ही तीन नावे पाठ करतात. मीडियमची बाजू का घ्यायची, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

पिस्तुलाच्या आवाजाला किती चटकन प्रतिसाद द्यायचा, हा प्रश्न वेगळा. त्यावर नियमांनीच मर्यादा घातली आहे: ०.१०० सेकंदाच्या आत हलला तो फाउल. २०१० पासून पहिल्याच चुकीला बाद करतात, आणि २०११ मध्ये दक्षिण कोरियातल्या देगूच्या जागतिक स्पर्धेत खुद्द उसेन बोल्ट त्यात सापडला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे एका टोकाला पिस्तूल वाजले तर आठव्या लेनमध्ये तो पहिल्या लेनपेक्षा सुमारे ०.०२५ सेकंद उशिरा पोचणार. म्हणून मोठ्या स्पर्धांत प्रत्येक ब्लॉकमागे स्पीकर असतो.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत अमेरिकेच्या नोआ लायल्सचा प्रतिसाद ०.१७८ सेकंदाचा होता आणि ३० मीटरवर तो आठही जणांत शेवटी होता. शर्यत त्याने ९.७८४ सेकंदांत जिंकली. दुसऱ्या आलेल्या किशेन थॉम्पसनची वेळ ९.७८९. यावरून स्टार्ट बिनमहत्त्वाचा ठरत नाही. लायल्स जिंकला तो फक्त पाच सहस्रांश सेकंदाने, आणि अशा फरकात एखादी चांगली ढकलसुद्धा निकाल फिरवू शकते.

अलीकडची प्रशिक्षणपद्धती याच ढकलीभोवती फिरते. ब्लॉकमध्ये बसवलेले सेन्सर कोणत्या पायाने किती वेळ किती जोर दिला ते दाखवतात. फ्रान्सच्या जाँ-बेनोआ मोराँ आणि सहकाऱ्यांनी एकूण जोरापेक्षा तो पुढच्या दिशेला किती लागतो यावर भर दिला. त्या विचाराने वजन लादलेली स्लेज (घसरगाडी) ओढत पळण्याचा सराव आता बऱ्याच ठिकाणी होतो.

गावच्या मैदानावर सेन्सर नसतो, पुष्कळदा ब्लॉकही नसतो. मग मागे बसलेला मित्र आपला पाऊल आडवे धरतो, त्यावर टाच टेकवून मुलगा सुटतो. अंतर मोजायचे ते स्वतःच्याच पावलांनी.