सायकलची सीट, महिलांची (लांब पल्ल्याची)

पुण्यात बोलताना ‘सीट’, जुन्या पेठांतून क्वचित ‘शीट’; गेअरच्या सायकलवाल्यांत मात्र ‘सॅडल’ रूढ आहे. ‘खोगीर’ हा शब्द घोड्यावरून उतरून सायकलवर कधी चढला नाही. प्रस्तुत नोंद तासन्‌तास चालवायच्या सायकलवरील स्त्रियांच्या बैठकीपुरती आहे.

रचना व माप : बसलेल्या शरीराचा भार श्रोणीच्या (कमरेखालच्या हाडांच्या कड्याच्या) तळाशी असलेल्या आसनास्थींच्या दोन उंचवट्यांवर यावा, मधल्या मऊ भागावर येऊ नये, एवढेच सीटचे काम. स्त्रियांमध्ये या उंचवट्यांतील अंतर सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त असते. सीट अरुंद पडली तर हाडे काठाबाहेर जातात आणि भार मध्ये येतो. फार रुंद झाली तर मांड्यांची आतली बाजू सोलवटते. मऊ गादीचा मोह इथेच नडतो. हाडे जेलमध्ये रुततात, दबलेले जेल मधोमध फुगते, आणि खडकवासल्यापर्यंत सुखाची वाटलेली सीट त्यापुढे छळू लागते.

माप घरी घेता येते. पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा जिन्याच्या पायरीवर ठेवावा, पातळ कपड्यांत त्यावर बसावे, टाचा उचलून किंचित पुढे वाकावे. उठल्यावर पुठ्ठ्यावर खडू आडवा घासला की दोन खळगे उमटून दिसतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतरात साधारण २० ते २५ मिमी मिळवतात. अंतर १३० मिमी भरले, तर १५५ मिमीच्या आसपासची सीट आधी बसून पाहावी. एका प्रसिद्ध अमेरिकी उत्पादकाच्या सीट १४३, १५५ आणि १६८ मिमी रुंदीत मिळतात.

‘लेडीज सीट’ असा वेगळा वर्ग मानावा की नाही, यावर दोन मते आहेत. एक पक्ष श्रोणीच्या सरासरी फरकावर बोट ठेवतो. दुसऱ्याच्या मते व्यक्तीव्यक्तींमधील फरक इतका मोठा आहे, की अरुंद हाडांची स्त्री आणि रुंद हाडांचा पुरुष सहज सापडतात. दुसरे मत व्यवहाराला अधिक धरून आहे. शिवाय माप एकच असले तरी बसण्याची ढब निर्णायक ठरते. रोड बाइकवर वाकले की श्रोणी पुढे कलते आणि दाब जघनास्थीकडे, म्हणजे श्रोणीच्या पुढच्या हाडाकडे, सरकतो. बधिरता, भगोष्ठांना सूज हे त्रास तिथले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४८ सायकलपटू स्त्रियांच्या अमेरिकी अभ्यासात, हँडल सीटपेक्षा खाली असल्यास पुढच्या भागावरील दाब वाढतो व संवेदना घटते, असे आढळले. म्हणजे कित्येकदा सीट बदलण्याआधी हँडल उचलून पाहावे.

मधल्या खाचेचा उगम : सीटला मधोमध खाच ठेवण्याची कल्पना बहुधा जॉर्जिना टेरी यांच्या नावे सांगितली जाते. त्यांनी १९८५ मध्ये खास स्त्रियांसाठी सायकली बनवणारी कंपनी काढली आणि १९९० च्या दशकात तिची मधोमध पोकळ सीट गाजली. परंतु ही कल्पना किमान शंभर वर्षे जुनी दिसते. १८८५ च्या सुमारास सारख्या चाकांची ‘सेफ्टी’ सायकल आणि १८८८ मध्ये डनलॉपचे हवेचे टायर आल्यावर पाश्चात्त्य स्त्रिया मोठ्या संख्येने सायकलवर बसू लागल्या, आणि १८९० च्या दशकात ‘हायजिनिक’ सीटची लाट आली. त्यांतील ‘ख्रिस्टी’ सीटवर दोन सुट्या गाद्या होत्या; जाहिरातीत साध्या सीटवर आणि ख्रिस्टीवर टेकलेल्या श्रोणीची चित्रे शेजारीशेजारी छापत. त्या काळच्या काही डॉक्टरांना स्त्रीच्या दुखण्यापेक्षा सीटच्या टोकाने तिची नीती बिघडण्याची चिंता अधिक होती, हेही नोंदवायला हवे. तेव्हा टेरी यांच्याकडे शोधाचे नव्हे, पुनरुज्जीवनाचे श्रेय जाते असे म्हणणे सयुक्तिक ठरेल.

पुण्यात : मधला दांडा खाली वाकवलेली, रुंद स्प्रिंगच्या सीटची लेडीज सायकल पुणेकरांना सांगायला नको. ताठ बसून कॉलेजला किंवा मंडईत जायला ती सीट योग्यच होती. प्रश्न उभा राहिला तो कात्रज, खंबाटकी ओलांडून पाचगणी गाठणाऱ्या किंवा सायकलने पंढरपूरला निघणाऱ्या स्त्रियांपुढे. २०० किमीच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या मुदतीत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीला) साडेतेरा तास, ६०० किमीला ४० तास मुदत असते. एवढ्या वेळात शिवणीची एक रेघही जखम करते. म्हणून पॅडेड शॉर्ट्सच्या आत दुसरे अंतर्वस्त्र घालत नाहीत, घासणाऱ्या जागी क्रीम लावतात, आणि चढावर अधूनमधून पेडलवर उभे राहतात. खांद्यावरून पट्टे येणारी बिब शॉर्ट पोटाला काचत नाही खरी, पण हायवेवरच्या ढाब्यामागे ती उतरवायची तर आधी जर्सी काढावी लागते. पुरुष हे लक्षात घेत नाहीत.

सीटच्या कलाचा, म्हणजे तिरकेपणाचा, हिशेब अंशांत असतो. टोक एक-दोन अंश खाली केल्याने पुढचा दाब हलका होतो. त्याहून जास्त केल्यास अंग पुढे घसरते आणि भार मनगटांवर येतो. कल बदलायला एक ऍलन की (षट्कोनी पान्हा) पुरते. एका खेपेस एकच बदल करावा आणि सिंहगड पायथ्यापर्यंत जाऊन यावे. चामड्याच्या सीट वापराने अंगाप्रमाणे बसतात, मात्र आपल्या पावसाळ्यात त्यांना प्लॅस्टिकची पिशवी बांधावी लागते.