मद्रासच्या आकाशात सापडलेला ‘आशिया’

मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातला पहिला खगोल, सेरेस, १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतल्या पालेर्मोहून खगोलशास्त्रज्ञ पियात्सी यांना दिसला. १८०७ पर्यंत आणखी तीन मिळाले आणि मग थेट १८४५ पर्यंत एकही नाही. पुढे ताऱ्यांचे बारकाईने आखलेले नकाशे हाती आले तशी शोधांची रीघ लागली, पण ते सगळे युरोप-अमेरिकेतले. आशिया खंडातून पहिला लघुग्रह सापडला तो १७ एप्रिल १८६१ रोजी, मद्रासच्या वेधशाळेत. त्याचा क्रमांक ६७, नाव ‘आशिया’.

तो शोधणारे नॉर्मन पॉग्सन त्याच वर्षी सरकारी खगोलशास्त्रज्ञ म्हणून मद्रासला आले होते. तोवर इंग्लंडमध्ये असतानाच त्यांच्या नावावर तीन लघुग्रह जमा होते. त्यांतल्या पहिल्याला, १८५६ मधल्या ‘आयसिस’ला, त्यांच्या मुलीचे नाव मिळाले. त्याच वर्षी लघुग्रहांच्या तेजस्वितेचे तक्ते करताना त्यांनी एक प्रमाण सुचवले: ‘प्रत’ म्हणजे तेजस्वितेचा अंक, आणि अशा पाच अंकांचा फरक म्हणजे तेजात शंभर पटींचा फरक. ताऱ्यांच्या प्रती आजही याच प्रमाणाने मोजतात. लघुग्रहांच्या हिशेबातून जगाला इतकी मोलाची गोष्ट मिळाली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

त्या काळी छायाचित्रण या कामाला आले नव्हते. आकाशाचा एक तुकडा दुर्बिणीतून पाहायचा, दिसणारा प्रत्येक ठिपका नकाशाशी ताडायचा, आणि जो नकाशात नाही त्यावर पुढच्या रात्री पुन्हा नजर ठेवायची. तो ताऱ्यांमधून सरकला, तर लघुग्रह. मद्रासची जागा यासाठी चांगली होती. बहुतेक लघुग्रह क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक वाटेच्या, आसपास फिरतात, आणि १३ अंश उत्तर अक्षांशावरून क्रांतिवृत्ताचा कोणताही भाग मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येताना आकाशात बराच उंच असतो. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डहून उन्हाळ्यात मध्यरात्री तिथे येणारा भाग क्षितिजाजवळ रेंगाळतो, शिवाय तिथल्या उन्हाळी रात्री अगदी लहान.

त्या काळच्या प्रथेप्रमाणे लघुग्रहाला पुराणातल्या स्त्रीचे नाव हवे होते. ग्रीक पुराणात आशिया ही ओशनसची मुलगी, आणि शोध ज्या खंडातून लागला त्याचेही तेच नाव. देवतांच्या त्या यादीत शोधाची जागा अशी कायमची नोंदली गेली.

आशियाची कक्षा पट्ट्याच्या आतल्या भागात आहे. सूर्यापासून सरासरी अंतर २.४२ खगोलीय एकके (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर), म्हणजे सुमारे ३६ कोटी किलोमीटर. कक्षा बरीच लांबट असल्याने हे अंतर साडेएकोणतीस कोटींपासून त्रेचाळीस कोटी किलोमीटरपर्यंत बदलते. पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी कल सुमारे ६ अंश. एका प्रदक्षिणेला जवळपास पावणेचार वर्षे लागतात. तेवढ्यात मंगळाच्या जवळजवळ बरोबर दोन होतात. साधारण सोळा महिन्यांनी तो सूर्याच्या विरुद्ध दिशेला येतो आणि तेव्हाच नीट पाहता येतो.

पॉग्सन यांनी मद्रासहून आणखी चार शोधले: सॅफो (१८६४), सिल्व्हिया (१८६६), कॅमिला (१८६८) आणि बऱ्याच खंडानंतर व्हेरा (१८८५). त्यांतल्या सिल्व्हिया आणि कॅमिला या दोघींभोवती प्रत्येकी दोन चंद्र फिरतात हे एकविसाव्या शतकात कळले. याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये एक रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा, तारा शोधला. आयसिस पॉग्सन मोठी होऊन वडिलांच्या हाताखाली इथेच काम करू लागली. तिच्या कामाची कदर मात्र वेळेवर झाली नाही. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी १८८६ मध्ये तिचे नाव सुचवले गेले, पण स्त्री म्हणून ते मागे घ्यावे लागले. सदस्यत्व मिळाले ते १९२० मध्ये.

पॉग्सन १८९१ मध्ये मद्रासलाच वारले. त्याच वर्षी डिसेंबरात जर्मनीत माक्स वोल्फ यांनी छायाचित्रावरून पहिला लघुग्रह पकडला, आणि डोळ्यांनी नकाशे ताडण्याचा काळ मागे पडला. १८९९ मध्ये वेधशाळेचे खगोलीय काम कोडाईकनालला गेले, जिथे सूर्याचा अभ्यास मुख्य झाला. व्हेरानंतर भारतातून पुढचा लघुग्रह सापडायला एकशे तीन वर्षे लागली. फेब्रुवारी १९८८ मध्ये तमिळनाडूतल्याच कावलूरहून आर. राजमोहन यांनी तो शोधला. क्रमांक ४१३०, नाव रामानुजन.