चळवळीतील नेतृत्वशैली

उठावात किंवा सामाजिक चळवळीत निर्णय कोण घेते आणि लोक ते का मानतात, यावरून नेतृत्वाची शैली ओळखली जाते. असंतोष बहुधा नेत्याच्या आधीच साचलेला असतो. शैलीचा कस लागतो तो नंतर, म्हणजे आंदोलन कधी थांबवायचे, वाटाघाटींना कोणी बसायचे आणि सत्ता हलली तर ती कोणाच्या हाती जायची, हे ठरवण्याची वेळ येते तेव्हा.

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने अधिसत्तेचे, म्हणजे लोक योग्य मानून स्वीकारतात अशा सत्तेचे, परंपरागत, करिश्म्यावर आधारलेली आणि कायदेशीर असे तीन प्रकार सांगितले. उठावांबद्दल लिहिताना यांतल्या करिश्म्याचा उल्लेख जरा सढळ हाताने होतो. वेबरच्या मते अनुयायी मानतात तोवरच करिश्मा टिकतो. ही अट मात्र अनेकदा विसरली जाते.

एका व्यक्तीभोवती उभ्या राहिलेल्या चळवळीला लगाम असतो. ४ फेब्रुवारी १९२२ रोजी चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटवले, पोलीस मारले गेले आणि महात्मा गांधींनी काही दिवसांतच देशव्यापी असहकार थांबवला. तुरुंगात असलेले मोतीलाल नेहरू, लाला लजपतराय यांना हे रुचले नाही, तरीही चळवळ थांबली. १९४२ साली याच्या उलट घडले. ९ ऑगस्टला पहाटेच प्रमुख नेत्यांची धरपकड झाली, आणि सूत्रे स्थानिक व भूमिगत कार्यकर्त्यांकडे गेली. साताऱ्यात तर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. वरचे नेते बाहेर असते तर चळवळीने हे वळण घेतले असते का, याबद्दल शंकाच आहे.

लेनिनने शिस्तबद्ध, व्यावसायिक क्रांतिकारकांच्या पक्षाचा पुरस्कार केला. अशा पक्षाला सत्ता झटपट घेता येते. ती सोडणे त्याच्या रचनेतच बसत नाही.

पोलंडमधील १९८० चा संप या दोन्ही चौकटींत बसत नाही. ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्यात क्रेनचालक आना वालेंतिनोविच यांना कामावरून काढल्याने ठिणगी पडली. कारखान्यापुरत्या मागण्या मान्य होताच नेते लेख वावेन्सा यांनी संप संपल्याचे जाहीर केले. पण वालेंतिनोविच यांच्यासह काही स्त्रियांनी बाहेर पडणाऱ्या कामगारांना अडवले, कारण इतर कारखान्यांचे संपकरी वाऱ्यावर पडले असते. वावेन्सांनी निर्णय फिरवला. पुढे प्रत्येक कारखान्याचे प्रतिनिधी घेऊन समिती बनली, २१ मागण्या ठरल्या आणि सरकारशी चाललेली बोलणी ध्वनिक्षेपकांवरून कामगारांना ऐकवली गेली. या संपातूनच ‘सॉलिडॅरिटी’ ही संघटना जन्मली. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा लागू होऊन तिचे पुढारी डांबले गेले, तरी ती भूमिगत राहून टिकली, आणि १९८९ च्या वाटाघाटींत सरकारसमोर बसायला तिच्याकडे माणसे होती.

इजिप्तमध्ये २०११ च्या उठावात नेमकी अशाच माणसांची उणीव भासली. एकच सर्वमान्य नेता नसल्याने कोणाला अटक करून उठाव मोडणे अवघड होते. अवघ्या १८ दिवसांत, ११ फेब्रुवारीला, राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक पायउतार झाले. मात्र सत्ता गेली लष्करी परिषदेकडे. २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीची अंतिम फेरी मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामी संघटनेचा उमेदवार आणि मुबारक यांचे अखेरचे पंतप्रधान यांच्यात झाली. कैरोच्या तहरीर चौकात पहिल्या दिवशी उतरलेल्या तरुण गटांचा उमेदवार त्या फेरीत नव्हता.