वेप मॉड (घरगुती विद्युत फेरबदल)

बॅटरीवर चालणाऱ्या ई-सिगारेटची म्हणजे वेपची विद्युतजोडणी घरच्या घरी बदलण्याला, आणि अशा बदललेल्या उपकरणालाही, 'मॉड' म्हणतात. हा 'मॉडिफिकेशन'चा संक्षेप. पुढे कारखान्यात बनलेल्या मोठ्या वेपनाही हेच नाव चिकटले. त्यामुळे ज्यात कोणी काहीच बदललेले नाही, तोही आज मॉडच.

होन लिक या चिनी औषधनिर्मात्याने २००३च्या सुमारास ई-सिगारेटला आजचे रूप दिले. सुरुवातीचे नग सिगारेटएवढेच असत, त्यातला सेल चिमुकला आणि वाफ जेमतेम. हौशी मंडळींनी मग टॉर्चच्या नळीत किंवा पत्र्याच्या डबीत मोठा सेल बसवायला सुरुवात केली. त्यात १८६५० हा सेल रूढ झाला: व्यास १८ मिमी, लांबी ६५ मिमी.

सगळा खेळ ओहमच्या नियमाचा आहे: विद्युतदाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. पूर्ण भरलेल्या लिथियम-आयन सेलचा दाब ४.२ व्होल्ट. कॉइलचा, म्हणजे तापून वाफ करणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा, रोध ०.५ ओहम असेल तर प्रवाह ८.४ अँपिअर, शक्ती साधारण ३५ वॅट. रोध ०.२ वर आणला की प्रवाह थेट २१ अँपिअर आणि शक्ती ८८ वॅट. बाहेरून जुळ्यासारख्या दिसणाऱ्या दोन सेलांपैकी एकाची मर्यादा १० अँपिअर, तर दुसऱ्याची २५ असू शकते. मेकॅनिकल मॉडमध्ये प्रवाहावर लक्ष ठेवणारे सर्किटच नसते, त्यामुळे हा हिशेब चुकला तर अडवणारे कोणी नाही.

साध्या पुशबटणाला इतका प्रवाह झेपत नाही. म्हणून मॉस्फेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच वापरतात: बटण फक्त त्याच्या गेटला, म्हणजे नियंत्रण करणाऱ्या टोकाला, विद्युतदाब देते आणि मोठा प्रवाह मॉस्फेटमधून जातो. गेट आणि ऋण टोक यांच्यामध्ये एक रेझिस्टर लागतो, नाहीतर बटण सोडल्यावरही गेट अधांतरी राहते आणि मॉस्फेट नीट बंद होत नाही. हा स्वस्तातला भाग विसरण्याची चूक नवशिके हमखास करतात. शिवाय जळालेला मॉस्फेट बहुधा 'चालू' स्थितीतच अडकतो आणि कॉइल खिशातसुद्धा तापत राहते. याला 'ऑटोफायर' म्हणतात.

सेल उतरत गेला तरी वाफ तेवढीच राहावी म्हणून पुढे दाब नियंत्रित करणारे तयार मॉड्यूल वापरात आले. म्युराटा या जपानी कंपनीचे १० अँपिअरचे 'ओकेआर' हे त्यातले गाजलेले. मुळात ते वेपसाठी बनवलेलेच नव्हते. त्याला दोन सेल एकसरीत जोडावे लागतात. पण एक सेल दुबळा असेल तर तो आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याच्यातून उलट दिशेने प्रवाह ढकलतो. म्हणून दोन्ही सेल एकाच वेळी घेऊन कायम जोडीनेच वापरतात. हौशी मंडळी त्यांना गमतीने 'मॅरिड' म्हणतात.

बिघडलेला सेल गरम वायू बाहेर फेकतो. बंद धातूच्या नळीला वायू सुटायला भोके नसतील तर ती फुटते. वेपच्या स्फोटाने अमेरिकेत २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्ससमध्ये मृत्यू झाले आहेत. सेलच्या प्लॅस्टिक वेष्टनाकडेही सहसा दुर्लक्ष होते. १८६५०चे अख्खे कवच ऋण टोक असते आणि धन टोक त्यापासून वरच्या कडेला केसभर अंतरावर. तिथे वेष्टन फाटले असेल तर खिशातली किल्लीसुद्धा शॉर्टसर्किट करायला पुरते.